चिन्ह का उलटतं?

रोझलिन टिबॉडो पन्नाशीची, वृद्धाश्रमात कामाला. नर्सिंगला जायचं तर बीजगणित पास होणं भाग होतं आणि त्यात ती एकदा नापास झाली होती. लुईझियानातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजातल्या सल्लागारबाई म्हणाल्या, "या वयात कशाला डोक्याला ताप? दुसरं काहीतरी घ्या." रोझलिनने पुन्हा बीजगणितच घेतलं आणि वर्गात माझ्या शेजारी येऊन बसली.

एकदा हॅस्केल सर असमानता, म्हणजे 'पेक्षा मोठं', 'पेक्षा लहान' ही चिन्हं, शिकवत होते. "दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं. लिहून घ्या."

"का उलटतं?" रोझलिनने विचारलं.

"नियमच आहे तो."

मागून एक पोरगा म्हणाला, "आजी, पाठ करा ना. घरी जायचंय आम्हाला."

"मग जा की. गेल्या वेळी पाठच केलं होतं, म्हणून तर नापास झाले." ती सरांकडे वळली. "कळल्याशिवाय मी पुढचं उतरवून घेणार नाही."

मलाही कळलं नव्हतं, पण विचारायची लाज वाटत होती. मी पेन खाली ठेवलं. "सर, मलाही नाही कळलं."

सरांनी फळा पुसला, आडवी रेघ ओढून मधोमध शून्य लिहिलं. "दोनपेक्षा तीन मोठे. आता दोन्हींना उणे एकने गुणा आणि शून्याच्या डावीकडे बघा. उणे दोन मोठे की उणे तीन?"

"उणे दोन," रोझलिन सावकाश म्हणाली. "म्हणजे तिकडे सगळी रांगच उलटी लागते. हे आधी सांगायला काय झालं होतं?"

ती काठावर पास झाली. सल्लागारबाई म्हणाल्या, "गुण जेमतेमच आहेत."

"असू देत," रोझलिन म्हणाली. "नर्सिंगला नाव घाला."