अर्ध्या किमतीची सहल

न्यानने हॉटेलला फोन लावला तो केवळ लुआच्या गुडघ्यांपायी. रविवारी नऊ मैत्रिणी विमानाने फूकुओक बेटावर निघायच्या होत्या, आणि लुआला जिने चढवत नव्हते. तळमजल्यावरची एखादी खोली मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. मनात शंका अशी काही नव्हती.

पलीकडची मुलगी दक्षिणेकडच्या मऊ हेलात बोलत होती. तिने नाव शोधलं, नऊ जणींच्या खोल्या आहेत म्हणाली, तळमजल्याचंही बघते म्हणाली. मग जरा घुटमळली.

"पण मावशी, याचे पैसे आलेले नाहीत अजून. आज पाच वाजेपर्यंत नाही आले, तर खोल्या आपोआप सुटतात."

न्यान म्हणाली, पैसे तर आम्ही कधीच भरलेत. मुलगी नम्रपणे म्हणाली, तुम्ही भरलेही असतील, आमच्याकडे पोचलेले नाहीत. न्यानने तिचा नंबर घेतला, आपला दिला, आणि काही हललं तर कळव म्हणून सांगितलं. मग विमान कंपनीला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर तिथल्या माणसाने तेच सांगितलं: नऊ जागा धरून ठेवलेल्या आहेत, पण तिकीट एकीचंही निघालेलं नाही, आणि मुदत आजचीच आहे.

फोन ठेवला तेव्हा चुलीवरचा खेकड्यांचा रस्सा उतू चालला होता, तो तिने तसाच उतू जाऊ दिला.

या नऊ जणींनी हायफाँगच्या बुटांच्या कारखान्यात एका रांगेत बसून उभी हयात काढली होती. खरं तर त्या दहा होत्या. दहावी मिएन. ती कर्करोगाने गेली, आणि तिची एकुलती एक पोर दिएप लुआच्या पदरात आली. पोर तेव्हा चांगली वीस-बावीस वर्षांची होती, पण लुआला मूलबाळ नसल्याने तिने तिला लेक मानलं, आणि दिएपही तिला माय म्हणू लागली. पुढे दिएपने स्टेडियममागच्या गल्लीत सहलींचं छोटं ऑफिस थाटलं. पहिल्याच उन्हाळ्यात तिने या सगळ्यांना बसने सामसोनच्या किनाऱ्यावर नेऊन आणलं होतं. खाणं झकास, खोल्या स्वच्छ, आणि पैसे इतरांपेक्षा कितीतरी कमी. तेव्हापासून गटात दिएपचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यामुळे फूकुओकची चार दिवसांची सहल, विमान, हॉटेल, खाण्यासकट पस्तीस लाख डोंगांत, हे दिएपने फोनवरच्या गटात टाकलं तेव्हा सगळ्यांनी उड्या मारल्या. न्यानचं महिन्याचं पेन्शन याहून थोडंसं जास्त. तिला बाजारात कोळंबीसुद्धा तीनदा हुंगून घ्यायची सवय. ती गुपचूप दुसऱ्या दोन ऑफिसांत जाऊन भाव विचारून आली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: एवढ्यात तर जाण्यायेण्याचं विमानभाडंही सुटत नाही, बाकीचं कोण घालतंय पदरचं? तिने हे लुआच्या कानावर घातलं, आणि लुआ भडकली. मिएनच्या पोरीची पारख तू परक्याच्या दारात करतेस, म्हणाली. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. कुणी म्हणालं, न्यान स्वर्गात गेली तरी दाराशी उभी राहून आधी भाडं विचारील. न्यान वरमली आणि तिनेही पैसे भरून टाकले.

आता मात्र ती स्कूटर काढून थेट लुआच्या दारात गेली. हॉटेलवाली काय म्हणाली ते सांगितलं. लुआने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. शेवटच्या दिवशी पैसे भरणं हीच या धंद्यातली रीत असेल, म्हणाली. न्यान म्हणाली, असेल, आपण जाऊन विचारू. लुआने चपला घालता घालता बजावलं, "पोरीला घालूनपाडून बोलशील तर याद राख. मी उठून घरी जाईन."

न्यानने तिला स्कूटरवर मागे बसवलं.

ऑफिसात दिएप एकटीच होती. भिंतीवर निळ्या समुद्राची मोठमोठी चित्रं, खाली कोपऱ्यात धनदेवतेच्या देव्हाऱ्यात केळी आणि जळती उदबत्ती. दोघींना बघून ती लगबगीने उठली, खुर्च्या ओढल्या, गार चहा ओतला, मायच्या गुडघ्यांची विचारपूस केली. न्यानला क्षणभर वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय.

तिने हॉटेलचा विषय काढला. दिएप हसली. त्यांच्या कॉम्प्युटरचा घोळ असतो मावशी, दर वेळी असंच सांगतात. न्यान म्हणाली, विमानवालेही तेच सांगतात. दिएप म्हणाली, ते एकमेकांना जोडलेलेच असतात.

"मग असं कर," न्यान म्हणाली, "आत्ता आमच्यासमोर हॉटेलला फोन लाव. तू बोल, आम्ही नुसतं ऐकतो."

दिएपने फोन हातात घेतला. पडद्यावर अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला. पंखा फिरत होता. लुआ तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि न्यान लुआकडे.

"लाव गं," लुआ अगदी हळू म्हणाली. "लावून टाक, म्हणजे हिच्या जिवाची घालमेल थांबेल."

दिएपने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मग सगळं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात, जणू कधीचं पाठ करून ठेवलं होतं. सुरुवातीच्या सहली खऱ्याच होत्या. एक मोठा दलाल विमानातल्या जागा घाऊक घ्यायचा आणि हिला स्वस्तात द्यायचा. एकदा मोठी रक्कम आगाऊ घेऊन तो जो गेला तो गेलाच. त्या वेळचे लोक दारात येऊन उभे राहू नयेत म्हणून तिने पुढच्या गटाच्या पैशांतून त्यांना पाठवलं. मग त्या गटाला त्यापुढच्याच्या पैशांतून. किंमत निम्मी ठेवली नाही तर नवे लोक येत नाहीत, आणि नवे आले नाहीत तर जुने जात नाहीत. नऊ जणींचे पैसे कधीच संपले होते. त्यावर मागच्या महिन्यात एका शाळेचे शिक्षक जाऊन आले.

लुआने चहाचा पेला खाली ठेवला.

"पण तुमची सहल होणार, मावशी," दिएप न्यानला म्हणाली. "मायची शपथ. आता एक आजी-आजोबा यायचेत, सगळ्या कुटुंबाचे पैसे रोख घेऊन. ते हातात आले की मी लगेच हॉटेलचे आणि तिकिटांचे भरते. पाचच्या आत होतं सगळं. तुम्ही फक्त गप्प बसा."

"आणि त्यांचं काय?"

"त्यांची सहल टेटच्या सणानंतर आहे, नव्या वर्षात. तोवर बघीन मी काहीतरी."

न्यानने तोंड उघडलं, पण तेवढ्यात काचेचं दार ढकलून ती दोघं आतच आली. आजोबा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, आजी ठेंगणी, हसरी, छातीशी औषधांच्या दुकानाची पिशवी धरून. दिएप उठली. तिचा चेहरा चुरगळलेल्या चादरीवरून हात फिरवावा तसा एकदम सारखा झाला. न्यानला ते बघून जास्त भीती वाटली.

आजी न्यानच्या शेजारीच बसली. लग्नाला पन्नास वर्षं होताहेत, मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना घेऊन जायचंय, धाकट्या नातवाने विमान फक्त चित्रात बघितलंय, असं न विचारताच सांगू लागली. आजोबांना कमी ऐकू येत असावं, ते नुसते मान डोलावत होते. मग आजी न्यानकडे झुकली.

"तुम्ही पण चाललात वाटतं, ताई? मी यांना म्हणत होते, इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी गोम असणार. तुम्ही गेलायत का कधी या पोरीबरोबर?"

दिएपने पेन उचललं होतं, ते हवेतच राहिलं.

न्यानच्या डोळ्यांसमोर बाकीच्या सात जणी उभ्या राहिल्या. एकीने नवीन टोपी घेतली होती. एकीने सुनेशी भांडून चार दिवसांची सुटी मिळवली होती. आणि तिने स्वतः, कुणाला न सांगता, आरशासमोर उभं राहून पोहण्याचा पोशाख घालून बघितला होता. साठीला टेकलेल्या बाईला विमानात बसायची संधी पुन्हा कधी येते? त्यात या आजींच्या सहलीला अजून अवकाश होता. तोवर काय सांगावं, पोरगी खरंच काही करीलही.

"हो," ती म्हणाली. "सामसोनला गेलो होतो. छान झाली सहल."

यात खोटं काहीच नव्हतं. आजीचा चेहरा उजळला. तिने नवऱ्याच्या दंडावर थोपटून मोठ्याने सांगितलं, ऐकलंत का, या बाई जाऊन आल्यात. आणि तिने पिशवी मांडीवर घेऊन गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ घट्ट बसली होती. म्हातारी बोटं तिच्याशी झटत राहिली. न्यान जमिनीकडे बघत होती. तिला वाटत होतं, ही गाठ सुटू नये. आणि वाटत होतं, एकदाची सुटून जावी.

"ताई, ते पैसे आत ठेवा."

लुआ उभी राहिली होती. टेबलाला धरून, गुडघे दुखत असताना.

"ही पोर माझी आहे," ती आजीला म्हणाली. "माझ्या घरचं जेवलीय, म्हणून मला सांगायचा हक्क आहे. हिला आज पैसे देऊ नका. आमचे गेलेत. तुमचेही जातील."

आजीला आधी काही कळेना. तिने लुआकडे बघितलं, दिएपकडे बघितलं, आणि मग न्यानकडे. "पण तुम्ही आत्ताच म्हणालात, छान झाली म्हणून."

"ती झाली होती," न्यान म्हणाली.

आजोबा विचारत राहिले, काय झालं, काय म्हणतायत. आजीने पिशवी पुन्हा छातीशी घेतली, त्यांचा हात धरला आणि दोघं निघून गेली. जाताना ती लुआला वाकून नमस्कार करून गेली. न्यानकडे तिने बघितलं नाही.

दिएप रडली नाही. खुर्चीत बसून ती एवढंच म्हणाली, "माय, आता तुमच्या खोल्याही गेल्या."

"जाऊ देत," लुआ म्हणाली. "दार लाव आणि माझ्याशेजारी येऊन बस."

दिएपने दार लावलं आणि ती येऊन बसली. बाहेर स्कूटरींची वर्दळ वाढत गेली. कितीतरी वेळाने न्यानचा फोन वाजला. हॉटेलची तीच मुलगी होती. पाच वाजलेत मावशी, म्हणाली, अजून पैसे आले नाहीत, पण तुम्ही सकाळी गुडघ्यांचं बोलला होतात म्हणून विचारलं, थोडा वेळ थांबवू का?

न्यानने लुआकडे बघितलं. लुआने नकारार्थी मान हलवली.

"सोडून दे, बाळा," न्यान म्हणाली.

तिथून लुआने दिएपला थेट पोलीस चौकीत नेलं. दिएपच्या मागोमाग चालताना लुआ दर चार पावलांवर थांबत होती, पण तिने न्यानचा हात घेतला नाही. चौकीतून निघाल्यावर दोघी सातही जणींच्या घरी गेल्या आणि घडलेलं सगळं समोरासमोर सांगितलं. टोपीवालीने दार लावून घेतलं. सुनेशी भांडलेली म्हणाली, तुम्ही गप्प राहिला असतात तर रविवारी आपण समुद्रावर असतो, दुसऱ्यांच्या सहलीची उठाठेव कुणी सांगितली होती? न्यान म्हणाली, "मी गप्पच राहिले होते."

तक्रारी बऱ्याच आल्या. ऑफिस बंद झालं, दिएपची गाडी, फर्निचर सगळं विकलं गेलं, आणि प्रत्येकीच्या हाती दिलेल्यातला जेमतेम चौथा हिस्सा आला. खटला उभा राहीपर्यंत शहर सोडायचं नाही या अटीवर तिला घरी राहू दिलं होतं. पण घर भाड्याचं होतं, तेही गेलं. लुआ तिला आपल्याकडे घेऊन आली. पोर आता पहाटे मासळीबाजारात बर्फ फोडायच्या कामाला जायची. यावरून गटातल्या चार जणींनी लुआशी बोलणं टाकलं. चोराला घरात ठेवलंय, म्हणत.

न्यानने बोलणं टाकलं नव्हतं, पण ती लुआच्या घरात पाऊल टाकत नसे. रस्त्यावरून हाक मारायची, लुआ बाहेर आली की तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात न्यायची, परत आणून दाराशी सोडायची. दिएपला नजर द्यायला नको म्हणून ती आत येत नाही, असं लुआ समजायची. खरं तर न्यानला नजर द्यायची नव्हती ती लुआला.

एकदा लुआला दवाखान्यातून आणताना पावसाने गाठलं, तेव्हा मात्र आत जावंच लागलं. दिएप कामावरून नुकतीच आली होती. तिचे हात बर्फाने सुजून लाल झाले होते. तिने मायला पुसायला टॉवेल दिला, न्यानला दुसरा दिला, आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. लुआ कपडे बदलायला आत गेली.

"मावशी," दिएप वळून न बघता म्हणाली, "ते आजी-आजोबा कुठे गेले का हो शेवटी?"

न्यानला माहीत नव्हतं. तिनेही कितीदा हाच विचार केला होता, बाजारात ठेंगण्या म्हाताऱ्या दिसल्या की वळून वळून बघितलं होतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी मी त्यांना गोत्यात घालणारच होते. लुआ होती म्हणून ते वाचले."

दिएपने चुलीवरचं भांडं उतरवलं. "मी पण वाचले," ती म्हणाली, आणि तीन वाडगे मांडले. न्यानने आपला नको म्हणायला हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला, आणि स्टूल ओढून ती जेवायला बसली.