निळ्या रेघेचा शर्ट

हबीबाला खुळी म्हणा हवं तर, पण आधी ऐकून घ्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, तरी ही बाई दर मंगळवारी दुपारी दाराला कडी लावून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायची. डब्यात गुलाम हुसेनचा शर्ट, न धुतलेला. तो नाकाशी धरायची, पोटभर रडायची आणि वास उडू नये म्हणून झाकण घट्ट दाबायची. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

शर्ट काही भारी नव्हता. गुलाम हुसेनचे भिवंडीत कापड विणायचे बारा लूम होते. दर ईदला आपल्याच लूमच्या कापडातून तो सगळ्या कारागिरांना शर्ट शिवून द्यायचा आणि स्वतःलाही तसाच शिवायचा. कारागिरांच्या शर्टाला हिरवी रेघ, त्याच्या शर्टाला निळी, म्हणजे खुंटीवर घोटाळा नको. कारण कारखान्यात उकाडा असा, की शेठ काय अन् कारागीर काय, सगळे बनियनवरच. त्या मंगळवारी तो छातीत कळ येऊन खाली बसला तो उठलाच नाही. मुलगा अफजल खुंटीवरचा शर्ट घेऊन घरी आला. अशा वेळी रेघ बघायचं भान कुणाला असतं?

हबीबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिरवं काय, निळं काय, तिला सगळं एकाच मळकट रंगाचं. रेघ दिसली, तिनं ती निळी धरली. मग वास घेतला. लूमचं तेल, सुताची कांजी, घाम. अत्तर नव्हतं, पण अत्तर तो जुम्म्याला, शुक्रवारीच लावायचा. डोळ्यांनी त्याचा म्हटलं, नाकानंही त्याचाच म्हटलं.

शेवटी अफजलनं मागे लागून उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाली आणि पुढच्या मंगळवारी तिनं डबा उघडला.

रेघ हिरवी होती. चांगली हिरवीगार.

तिनं शर्ट नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला. कुणा परक्या पुरुषाचा घाम. वास नेहमीचाच होता हो, पण तिला शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून रडू आलं. दोन वर्षं आपण कुणाच्या शर्टात तोंड खुपसून रडलो, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अफजलनं कारखान्यात विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी वज्रेश्वरीकडचा कारागीर दिनेश बनियनवरच रिक्षा आणायला धावला होता, आणि मागाहून खुंटीवर उरलेला शर्ट आपलाच समजून घालून घरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी दिनेश आला. मान खाली, हातात कागदात बांधलेलं पुडकं.

"चाची, घरी गेल्यावर रेघ दिसली. त्या टायमाला कुठल्या तोंडानं सांगू? पण परत अंगाला न्हाय लावला. शेठचा हाय म्हणून बायकोनं, सरूनं धुतला, इस्त्री केली. दर ईदला काढून पुन्हा धुते."

हबीबानं पुडकं सोडलं. निळी रेघ, घडी कडक, आणि साबणाचा वास. आत खोल कुठे काही राहिलंय का म्हणून तिनं कॉलर, बगला, बाह्या हुंगल्या. साबणच होता. काय बोलणार त्या गरिबाला? बायको जिवापाड जपत होती. तिनं त्याला चहा दिला, सरूला सलाम सांगितला.

तो गेल्यावर तिनं हिरव्या रेघेचा शर्ट पुन्हा काढला. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि ऑपरेशन न झालेल्या डाव्यानं पाहिलं. रेघ पहिल्यासारखी मळकट झाली. शर्ट हळूच नाकाशी आणला.

दिनेशचा वास. तेल, कांजी आणि दिनेश.

मग तिनं दोन्ही डोळे मिटले आणि गुलाम हुसेनचा वास आठवायला बसली. तेल आलं, कांजी आली. पुढे दोन वर्षांचा हाच घाम आला. त्याच्याआधीचं काही केल्या येईना.

"अफजल," तिनं हाक मारली, "तुझ्या अब्बाचा वास कसा होता रे?"

अफजल दारात उभा राहिला. त्यालाही सांगता येईना.