पाऊण तासाचे पाणी

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचे एक नवरात्र. दिवस चौथ्या माळेचा. वेळ सकाळी सात वाजून वीस मिनिटे. स्थळ, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून उत्तरेस उतरणाऱ्या कच्च्या वाटेच्या शेवटी खाडीला टेकलेला पन्नास घरांचा कोळीवाडा. घटावर चौथी माळ बांधून गुणाजी हात पुसत होता. त्याची मुलगी सरोज हिरवे पातळ नेसून निघण्याच्या घाईत होती.

"कुठं चाललीस गो एवढ्या सकाळी?"

"डोंबिवलीला, मावशीकडं. आज ललितापंचमी ना? कुंकुमार्चन हाय तिच्याकडं."

"पंचमी उद्या. आज चौथ. माला मोज, चारच हायत."

"माळा चार, पण तिथी पाचवी. यंदा तीज क्षयाची हाय बाबा, नवरात्र आठच दिवसांचं. कॅलेंडर तरी बघा कधी."

गुणाजीने कॅलेंडर पाहिले नाही. त्याने घड्याळ पाहिले आणि तो खाली बसला.

"काय झालं?"

"चंदूला मी नऊ सांगितलेत."

सरोजच्या हातातली कुंकवाची डबी तिथेच राहिली. चंदू तिचा नवरा होता, आणि पहाटे ओहोटीबरोबर तो एकटाच समुद्रावर गेला होता.

भरतीचा हिशेब कोळीवाड्यात पोरासोरांनाही ठाऊक होता. तिथीची पाऊणपट केली की खाडीच्या तोंडाशी पाणी किती वाजता पूर्ण भरते ते कळते. त्यापुढे सहा तासांनी ते ओसरून थांबते. चौथीला तीन, म्हणून ओहोटी संपणार नवाला. पंचमीला पावणेचार, म्हणून पावणेदहाला. हिशेबात चूक नव्हती. चूक तिथीत होती. गुणाजीने ती घटावरच्या माळांवरून मोजली होती, जशी त्याच्या बापाने मोजली असती.

पाऊण तास हा वाड्यात फार मोठा वेळ नव्हता. खाडीच्या तोंडाशी मात्र होता. वरच्या अंगाच्या कारखान्यांचे पाणी उतरू लागल्यापासून खाडीतला मासा संपत आला, आणि ज्या होड्या खाडीसाठीच घडवलेल्या होत्या त्या बाहेरच्या समुद्रावर जाऊ लागल्या: अरुंद, एकट्या माणसाच्या, बसल्या जागी हात सोडला तर पाण्याला लागावा इतक्या बुटक्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक बांध पाण्याखाली आडवा पसरला आहे. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून पश्चिमेचा वारा आला की त्या बांधावर लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. त्या वेळी अशी होडी आत आणणे म्हणजे ती उलटवणे. चंदूचा बाप तिथेच गेला. त्याचे प्रेत वसईच्या बाजूला लागले ते तिसऱ्या दिवशी. त्यानंतर, निघण्याची आणि परतण्याची वेळ ठरवून देण्याचे काम गुणाजीने आपण होऊन अंगावर घेतले, आणि अकरा वर्षांत वाड्याची एकही होडी बांधावर उलटली नाही.

दुसरा कोणी असता तर फुटणारी लाट पाहून बाहेरच थांबला असता. चंदू थांबणार नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो एकदा स्वतःच्या अंदाजाने अर्धा तास उशिरा आला होता, आणि गुणाजीने धक्क्यावर, चारचौघांत, त्याला ऐकवले होते, "पानी बगायचं काम माझं. तुझं काम घड्याल बगायचं." त्या दिवसापासून चंदू घड्याळ पाहत असे.

सात चाळीसला वाड्यातल्या परशुरामची मशीनची बोट सुटली. त्याआधी परशुराम जाळे सुकायला टाकत होता; गुणाजीने काही न सांगताच बोटीचा दोर सोडलेला पाहून त्याने विचारले, "काय दादा, जावयाचा डबा विसरला काय?"

"चल तू. सांगतो."

वाटेत त्याने सांगितले. परशुरामची थट्टा तिथेच थांबली. त्याने मशीन ताणले. ओहोटी सोबत होती, म्हणून बोट पळत होती. पण ज्या पाण्याने ती पळत होती तेच पाणी पुढे बांधावर लाटा उभ्या करत होते, आणि हे दोघांनाही कळत होते. रेल्वेचा पूल गेला तेव्हा साडेआठ झाले होते. वसईचा किल्ला उजवीकडे दिसू लागला तसा वारा तोंडावर आला.

नवाला सात मिनिटे कमी असताना त्यांना बांध दिसला. एक पांढरी रेघ उठत होती, मोडत होती, पुन्हा उठत होती. तिच्या पलीकडे काळा ठिपका होता.

"हाय रे, जिता हाय!" परशुराम ओरडला. "दादा, वल्हं उभं कर. फडकं बांध, दाव त्याला!"

गुणाजीने वल्हे दोन्ही हातांनी दाबून धरले. "नको. फडकं दावलं तर तो आताच निगंल."

"आँ?"

"फडकं म्हंजे ताबडतोब ये. मीच ठरवलंय."

"मग थांबायची खूण कुठली?"

"नाय," गुणाजी म्हणाला.

"नाय म्हंजे?"

"केलीच नाय. कदी लागली नाय."

परशुरामने एक शिवी हासडली. ती कोणाला होती हे दोघांनीही विचारले नाही. हात हलवला तरी चंदूला ते बोलावणे वाटणार होते. गप्प बसले तर सात मिनिटांनी तो आपण होऊन निघणार होता.

"भाईर चल," गुणाजी म्हणाला.

"या लाटंत? माझी बोट हाय, दादा. घर चालतंय माझं तिच्यावर."

"भाईर जाताना नाल लाटंला ऱ्हाते. मशीन हाय. फुटनार नाय."

"तू सांगतोस?"

हा प्रश्न साधा होता. अकरा वर्षांत तो गुणाजीला कोणी विचारला नव्हता. "व्हय," तो म्हणाला, आणि मग, "तुला पटत असंल तर."

परशुरामने लाटांकडे स्वतः पाहिले, दोन मोजल्या, तिसरी फुटू दिली आणि बोट घातली. बोटीच्या पुढच्या टोकाची नाळ आभाळाकडे गेली व खाली आदळली; पाणी आरपार गेले; मशीन एकदा खोकले आणि चालू राहिले. गुणाजी फळीला धरून गुडघ्यांवर होता. दुसरी लाट. तिसरी. मग उसळी तीच असली तरी पाणी फुटेनासे झाले.

नऊ वाजले होते. चंदूने होडी वळवली होती. तो पाठ ताठ ठेवून, मोजून वल्ही मारत नेमका बांधाकडे येत होता. परशुरामने बोट त्याच्या पुढ्यात आडवी घातली.

"सरा!" चंदू सासऱ्याला पाहून ओरडला. "मामा, वाटेतनं सरा! नऊ झाले!"

"धर दोर!"

"टायम झालेला हाय, मामा!"

"नाय झाला! धर म्हंतो ना!"

दोर चंदूच्या मांडीवर पडला. त्याने तो धरला, पण दुसऱ्या हातातले वल्हे सोडले नाही. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग कानाला लावले.

"चालू हाय. तुमीच नऊ बोललेले."

"आज पंचमी हाय. मी चौथ धरली. चुकलो."

चंदूला ते ऐकू गेले की नाही, कळले नाही. त्याने मान वळवून बांधाकडे पाहिले. एक लाट उभी राहिली, क्षणभर हिरवी दिसली आणि तिच्या उंचीएवढ्याच आवाजाने कोसळली. जिथे तो यावेळी असता तिथे फेस पसरला. त्याने वल्हे होडीत आडवे ठेवले.

चाळीस मिनिटे ते तिघे बाहेर दोराला दोर बांधून डोलत राहिले. परशुरामने विडी पेटवण्याचे चार प्रयत्न केले. पांढरी रेघ तुटू लागली, तुकडे झाले, मग नुसती उसळी उरली. पाणी वळले होते.

"मामा," चंदू हलकेच म्हणाला, "धक्क्यावर सांगू, वारा वाढला म्हनून तुमी आलात. सरोज काय बोलनार नाय. परशुरामकाका पन नाय."

"मी तर आंधळा-बहिरा," परशुराम म्हणाला. "फक्त डिझेल भरून द्या."

गुणाजी हसला नाही. "चल आता," एवढेच म्हणाला. होडी मागे बांधून बोट भरतीबरोबर आत आली.

धक्क्यावर वाडा जमला होता. सरोज हिरव्या पातळातच उभी होती. तिच्या पुढे आवडाबाई, चंदूची आई; तिने मुलाला खांद्यापासून कोपरापर्यंत चाचपून पाहिले आणि त्याच्या तोंडावरचे मीठ पदराने पुसले.

"वारा वाढलेला गो आये," चंदू घाईने म्हणाला.

"वारा नाय," गुणाजी म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, पण तो मागच्या बायांपर्यंत पोचला. "वारा होता तेवढाच होता. मी तिथी चुकलो, सरोजनं सांगितली तवा कललं. माझ्या टायमावर हा आत आला असता तर गेला असता. आनी थांब सांगायची खूण मी कदी ठेवलीच नाय."

आवडाबाईने पदर सोडला. ती गुणाजीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या बाराव्याला याच धक्क्यावर, 'आता यापुढे टायम मी सांगीन' असे गुणाजी म्हणाला होता, तेव्हाही ती अशीच उभी होती.

"कितीनं चुकलास?"

"पाऊन तास."

"तू गेलास म्हनून पोर माघारी आलं, ते मी इसरनार नाय," ती म्हणाली. "पन उद्यापास्नं टायम तू सांगायचा नाय, गुणाजीभाऊ. सरोज सांगंल."