उसना टोप

गिऱ्हाइकापुढे खोटं बोलणं हे तुम्हाआम्हाला पाप वाटतच नाही. कॅनडातल्या ओडानाक गावच्या झेफिरिनलाही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात शहरातले पाहुणे मोटारी थांबवून गावातल्या लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या घेत. झेफिरिनकडे गर्दी जास्त, कारण त्याच्या डोक्यावर कमरेपर्यंत लोंबणारा पिसांचा भलामोठा टोप! असला टोप त्याच्या अबेनाकी जमातीच्या लोकांनी पूर्वी कधी घातला नव्हता. तो दूर पश्चिमेच्या माळरानावरच्या लोकांचा. पण पाहुण्यांना तोच खरा वाटे, आणि झेफिरिन म्हणे, "गिऱ्हाईक मागेल ते द्यावं!"

एके दिवशी त्याची लेक ब्लांदिन शाळेतून रडत आली. आजी फिलोमेनने तिला हरणाच्या कातड्याची टोकदार टोपी शिवून दिली होती, साळिंदराच्या काट्यांची नक्षी काढून. तिने ती दाणकन जमिनीवर आपटली.

"सगळे हसले! म्हणाले, ही चेटकिणीची टोपी. खरा टोप तर तुझा बाप घालतो!"

"त्यांना काय कळतंय, पोरी?"

"मग तुम्ही आपलं का नाही घालत, बाबा?"

झेफिरिन टोपल्या रचायला लागला.

सासूबाई फिलोमेन टोपी उचलून झटकत म्हणाल्या, "बोला की, जावईबापू! ते माळरानावरचे लोक एकेक पीस मानाने मिळवतात. तुम्ही बाजारातून रंगवलेली कोंबडीची पिसं आणलीत. त्यांचाही अपमान केलात आणि आपलाही."

"आई, टोपल्या खपतात म्हणून चूल पेटते."

"टोपल्या चांगल्या असतात म्हणून खपतात! लेकीला आपलंच खोटं वाटायला लागलं, त्याचं काय?"

"मी ती परत घालणार नाही," ब्लांदिन म्हणाली. झेफिरिनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

रविवारी तो कातड्याची साधी पट्टी बांधून बसला. तीत टर्की पक्ष्याची पिसं उभी खोचलेली.

"काय हो, आज खरा टोप कुठे गेला?" एका पाहुण्याने हसून विचारलं.

झेफिरिनचे कान तापले. दारात ब्लांदिन उभी होती.

"तो माझा नव्हताच, साहेब. आमच्या लोकांचा हा. इतकी वर्षं मी तुम्हाला फसवलं." मग तो लेकीकडे वळला. "आणि तुलाही फसवलं, बाळा."

पाहुणा काही न घेता निघून गेला. ब्लांदिन बापाशेजारी येऊन बसली फक्त.

मंडळी, दुसऱ्याचं उसनं मिरवून आपण चार टाळ्या मिळवतो, पण आपल्या पोरांना आपलीच लाज वाटायला शिकवतो!