दोरीच्या आतली राहुटी

मी एक जुनी राहुटी आहे, मित्रांनो. अकोल्याच्या एका शिंप्याने जाड कापडाचे पट्टे जोडून मला शिवले. सुरुवातीला मी एका अधिकाऱ्याच्या दौऱ्यावर असे. आज दर्यापूर, तर उद्या चांदूर. संध्याकाळी उभी राहायचे आणि सकाळी बैलगाडीतून पुढे निघायचे. फार मजेचे दिवस होते ते! पुढे माझा रंग उडाला, तेव्हा साहेबाने नवी राहुटी घेतली आणि मला अमरावतीच्या नगरपालिकेला देऊन टाकले.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा काही वर्षे झाली होती. त्या साली शहरात उंदीर मरून पडू लागले. उंदीर पडले की प्लेग येणार, हे लहान मुलांनाही ठाऊक होते. माणसे घरांना कुलपे लावून गावाबाहेर, तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानावर राहायला आली. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आणि बांबूच्या तट्ट्यांच्या शे-दोनशे झोपड्या उठल्या. गोपाळकृष्ण नावाचे एक शाळामास्तर तिथली व्यवस्था पाहत. पाणी उकळणे, चुना टाकणे, नव्या माणसांना जागा नेमून देणे, ही कामे त्यांचे दहा-बारा स्वयंसेवक करत.

त्यांत बाई एकच होती, पार्बताबाई. तळ्याच्या पलीकडे तिचा भाजीचा मळा होता. रोज सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन यायची, झोपड्यांतून भाजी वाटायची आणि मग मास्तर सांगतील ते काम करायची.

मला मात्र सगळ्यांपासून दूर, एका बाभळीखाली ठोकले होते. भोवती दोरी आणि दोरीला लाल चिंध्या. ज्याला प्लेगची गाठ येई, त्याला माझ्यात आणत. आत गेलेल्या माणसाने मास्तरांनी सांगेपर्यंत बाहेर यायचे नाही, असा नियम होता. बारा खुंट्यांना मी जखडलेली. तळ्यावरून वारा यायचा, माझे कापड फडफडायचे, पण पडदा उघडायची मनाई होती. दौऱ्यावर मी माणसांना आसरा देत होते. इथे मी त्यांना कोंडत होते. आतले हात माझ्या कापडावर आपटायचे, तेव्हा वाटायचे, आपण फाटून जावे.

एके दिवशी वामनराव वकिलांची पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी तारा या दोघींना माझ्यात आणले. दुसऱ्या दिवशी आई गेली. आजाऱ्यांना पाहणारा म्हातारा नत्थुजी स्वतःच तापाने पडला होता. तारा एकटीच "पाणी, पाणी" करत होती. वामनराव दोरीबाहेर उभे होते, पण त्यांचे पाऊल उचलत नव्हते.

पार्बताबाईने टोपली खाली ठेवली. "मास्तर, मी जातो आत."

"आत गेलात तर दहा-बारा दिवस बाहेर येता येणार नाही, पार्बताबाई."

"मले मालूम हाय. घरी सांगून द्या, वांग्याले पाणी देत जा म्हणा."

तेवढ्यात वामनराव चाचरत बोलले, "बाई, औषध तुम्ही लावा. पण पाणी... आमच्यात दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी चालत नाही."

ती वळली. "मंग तुमीच या ना आत, वकीलसायेब. तुमी पाजा."

वकील दोरीबाहेरच राहिले. ती वाकून दोरीखालून आत आली आणि तिने पोरीच्या ओठांना गडू लावला.

ती जवसाचे पोटीस गरम करून गाठीवर बांधायची, चमच्याने पेज भरवायची. दुपारी माझ्यात भट्टीसारखे तापायचे. तारा म्हणायची, "मावशी, पडदा उघड ना." ती म्हणायची, "उघडता येत नाई, माय." माझ्या कापडाला एक भोक होते. त्यातून पार्बताबाईला तळ्यापलीकडचा आपला मळा दिसायचा. तिसऱ्या दिवशी त्या भोकाला डोळा लावून ती हमसून रडली. "दिसते सारं, पन जाता येत नाई!" मी काय करणार? माझ्याही खुंट्या मातीत रुतलेल्या.

चौथ्या दिवशी पडदा हलला. वामनराव आत आले होते. त्यांनी पार्बताबाईपुढे ओंजळ धरली. "आधी मला पाजा." तिच्या हातचे पाणी ते घटाघटा प्यायले आणि लेकीच्या उशाशी बसले. पार्बताबाई पहिल्यांदाच घटकाभर झोपली.

आठव्या दिवशी गाठ फुटली आणि ताप उतरला. आणखी पाच दिवसांनी मास्तरांनी दोरी सोडली.

मास्तरांनी मला चुन्याच्या पाण्यात उकळवून मैदानातच वाळत घातले, म्हणून पुढचे मी पाहिले. पार्बताबाई पुन्हा भाजी घेऊन आली, पण कोणी तिच्याजवळ फिरकेना. "प्लेगच्या राहुटीतली बाई," अशी कुजबुज चालली. भाजी टोपलीतच कोमेजू लागली. ती टोपली उचलणार, इतक्यात वामनराव आले. त्यांनी एक मुळा काढला, धोतराला पुसला आणि सगळ्यांसमोर कचाकचा खाल्ला. ताराने दुसरा घेतला. मग झोपडीतून म्हातारी दुर्गाबाई काठी टेकत आली. "मले बी दे व, एक जुडी." तिच्यामागे आणखी दोघी आल्या. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली होती.

प्लेग ओसरल्यावर सभा झाली. माझेही कौतुक झाले. मग माझी घडी करून मला पत्र्याच्या पेटीत घातले आणि वर कोणीतरी पांढऱ्या रंगाने लिहिले, "प्लेग". त्या एका शब्दामुळे बारा वर्षांत पेटीला कोणी हात लावलेला नाही. आत हवा नाही, उजेड नाही. माझ्या घड्यांत कसर लागली आहे.

मित्रांनो, आजाऱ्याला वेगळे ठेवावे लागते, हे मला कळते. पण वेगळे ठेवाल त्याला एकटे ठेवू नका, आणि तो बरा झाला की त्याला परत आपल्यात घ्या. माझ्यासाठी इतकेच करा. पेटीवरचा तो शब्द पुसा आणि मला एकदा उन्हात टाका.