बोडीवरची मात्रा

"शेवटचं प्रकरण पोस्टानं धाडजो नोको, ललिता. आपल्या हातानं नेऊन देजो. अन् एक बी शब्द कोणाले बदलवू देजो नोको."

घनश्याम सेलोकर गुरुजी देवाघरी जायच्या आदल्या आठवड्यात हे बायकोला बोलले, आणि ललिताबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

भंडाऱ्याकडच्या करडी गावच्या शाळेत मास्तरकी करता करता गुरुजींनी एकशे तेरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. मुंबई उभ्या आयुष्यात दोनदा पाहिली, पण खून सारे तिथेच पाडले, भिंतीवरच्या नकाशात गल्ल्या शोधून. वाचक पुस्तकांवर तुटून पडायचे. गुरुजींचं अक्षर मात्र त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून स्वच्छ प्रत ललिताबाई काढायच्या. खुनाचं पान आलं की आधी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडायच्या, मग दौत उघडायच्या. खुनी कोण हे छापखान्यालाही शेवटपर्यंत कळत नसे. बाकी पुस्तक छपाईला तयार झालं की गुरुजी शेवटचं प्रकरण घेऊन स्वतः पुण्याला जात.

एकशे चौदावी कादंबरी मात्र त्यांनी इथली लिहिली, झाडीपट्टीतली. पहिल्याच प्रकरणात मरता मरता मालगुजार म्हणतो, "बोडी पाहा." बोडी म्हणजे धानाच्या बांधीला पाणी देणारं शेतातलं लहान तळं. इकडच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. पण शहरातून आलेला इन्स्पेक्टर 'बॉडी' ऐकतो आणि पुस्तकभर प्रेतच तपासत बसतो. बोडीत काय होतं, ते शेवटच्या प्रकरणात.

"चाळीस वर्षं मी त्यांच्या गल्ल्या शोधल्या," गुरुजी हसून म्हणाले होते, "एक डाव त्यांनी माझी बोडी शोधावी."

आणि आता प्रुफं आली, तर सहाव्या पानावर मालगुजार म्हणत होता, "बॉडी पाहा." ललिताबाईंनी पानं उलटली. एकोणतीस ठिकाणी बॉडी. त्यांनी पुण्याला प्रकाशकाकडच्या शुभांगीला फोन लावला.

"पोरी, सहाव्या पानावर बोडी पाहिजे."

"बॉडीच आहे की, काकू."

"बॉडी नाही. बोडी."

"तेच म्हणतेय मी. बॉडी."

शेजारची पंचफुला ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "काय व मामी, सकाळी सकाळी कोणाची बॉडी मांडली?"

ललिताबाईंनी तिला हातानंच गप्प केलं. "ब वर चंद्र नको, पोरी. मात्रा पाहिजे."

"अहो, मग त्याला अर्थच राहत नाही! लोक म्हणतील छपाईची चूक आहे."

"म्हणू दे ना. शेवटपर्यंत म्हणू दे."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "काकू, म्हणजे ती चूक नाही?"

"मी काही सांगितलं नाही हो. मले विचारू नोको."

शुभांगी हसली. "मी लावते मात्रा. पण शेवटचा हात प्रुफं तपासणाऱ्या आमच्या आप्पांचा. छापायला जाताना त्यांना चूक दिसली की ते कुणाला न विचारता काढतात. शुक्रवारी छपाई आहे. शेवटचं प्रकरण कोण आणतंय?"

"भाचा. टेकचंद," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या मनात आलं: टेकचंद पाकीट देऊन मोकळा होईल. एकोणतीस मात्रांवर डोळा ठेवून आप्पांच्या शेजारी बसणार कोण?

जायला त्यांना पाय होते, गुरुजींना शब्दही दिला होता, पण नेम आड येत होता. गुरुजींच्या पहिल्या दुखण्यात त्यांनी तळ्याच्या पाळीवरच्या महादेवाला रोज सांजेला आपल्या हातानं दिवा लावायचं कबूल केलं होतं. अकरा वर्षांत एक सांज चुकली नव्हती. गुरुजींना अग्नी दिला त्या दिवशीही, सुतकामुळे देवळात पाय टाकता येईना, म्हणून पायरीखालीच दिवा ठेवून आल्या होत्या.

त्या सांजेला वात लावून त्या पिंडीसमोर बराच वेळ बसल्या. मनात म्हणाल्या, देवा, तुला अंधारातही दिसतं. आप्पांना चष्मा लावूनही माझी मात्रा चूकच दिसणार. मला तिकडे जाऊ दे. नेम मोडल्याचं जे काय देशील ते मी घेईन.

परतताना पंचफुलेच्या दारात थांबल्या. "उद्यापासून पाच दिवस महादेवाचा दिवा तू लावजो."

"मी? मामी, तुमी कोणाले वातीले हात बी लावू देत नाही!"

"आता देऊन राहिली ना. तेल पुरतं घालजो, वाऱ्यानं इझते." त्या बोलता बोलता थांबल्या. "अन् इझला तर दुसऱ्यांदा लाव. देव रागावणार नाही."

पंचफुलेनं डोळे पुसत मान हलवली.

सकाळी आंघोळ, पूजा आटोपून ललिताबाईंनी पिशवीत एक लुगडं, पाण्याची बाटली, प्रुफं आणि पाकीट ठेवलं. टेकचंदला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. एसटी आली तशा दांडा धरून सावकाश चढल्या आणि खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"कुठं जाता, आजी?" कंडक्टरनं विचारलं.

"पुण्याले," त्या हळू म्हणाल्या. "सध्या भंडाऱ्याचं द्या."