खडूची रेघ

"काकू, काका आहेत का घरी? लगेच पाठवा त्यांना. धाकट्याला कापलंय."

संग्रहालयाचा पहारेकरी फोनवर एवढंच बोलला आणि माझी कात्री गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीत तशीच राहिली. असं काही ऐकल्यावर दुसरं कुणी आधी पोलिसांकडे धावलं असतं. पण आमच्या घरात धाकटं म्हणजे वाफेचं इंजिन.

रेल्वे संग्रहालयाच्या शेडमध्ये दोन जुनी इंजिनं शेजारी शेजारी उभी आहेत, एक थोरलं आणि एक धाकटं. नावं आमच्या ह्यांनी ठेवलेली. हे वीज कंपनीत कारकून, पण तिथल्या विजेशी ह्यांचं कधी सूत जुळलं असेल तर शपथ. रविवार उजाडला की डबा घेऊन शेडमध्ये. तिथे ह्यांच्यासारखेच आणखी दोन-तीन वेडे जमायचे आणि दिवसभर धाकट्याच्या पोटात शिरून बसायचे. मी गल्लीभर लोकांचे कपडे शिवते आणि घरातला माणूस तेलकट शर्टात फिरतो, यावरून मी त्यांचं काही कमी डोकं खाल्लेलं नाही.

"एकदा वाफ धरू दे त्याला," हे म्हणायचे. "पहिली शिट्टी तू वाजवायची."

"मला काय करायचीय शिट्टी? घरात कुकर आहे की."

तोंडाने मी असं म्हणायची, पण त्या दिवशी घालायला एक चांगलं कापड गुपचूप बाजूला काढून ठेवलं होतं.

थोरलं तळापासून सडलेलं होतं. त्याची एक बाजू कापायची आणि इंजिनाच्या आत काय काय असतं ते शाळेच्या मुलांना दाखवायचं, असं संग्रहालयाच्या साहेबांनी ठरवलं होतं. धाकटं मात्र खरोखर चालवायचं होतं. बॉयलरचा एका जागचा पत्रा बदलला की ते वाफ धरणार होतं. ह्यांची सगळी उमर त्या एका वाफेवर डोळे लावून गेली होती.

मी ह्यांना ऑफिसातून बोलावून घेतलं आणि आम्ही तसेच रिक्षाने शेडमध्ये गेलो. धाकट्याच्या कुशीत दाराएवढं भोक पडलं होतं. आतल्या नळ्याही सपासप कापलेल्या. कापून काढलेला पत्रा जमिनीवर पडला होता आणि गॅसकटरवाला शेजारी बसून चहा पीत होता. ह्यांना बघून तो कौतुकाच्या अपेक्षेने उठला.

"बघा काका, रेघ जराही सोडली नाही."

ह्यांनी हात पुढे केला आणि कापलेल्या कडेला लावायच्या आधीच मागे घेतला. मीही बधिर झाले होते. काहीतरी बघायचं म्हणून मी त्या जमिनीवरच्या पत्र्याकडे बघितलं. त्याच्या कडेने एक निळी रेघ गेली होती.

तो माझा खडू होता. शिवणाच्या डब्यातला, चपटा, निळा. रविवारी सकाळी हे मागून घेऊन गेले होते. पत्र्यावर हातोडी ठोकत जायची, जिथे आवाज बद्द येईल तिथला पत्रा झिजलेला समजायचा, आणि तेवढ्या भागाभोवती खुणेची रेघ मारायची, ही ह्यांची रीत. आमच्या धंद्यात मात्र खडूची रेघ म्हणजे कात्री चालवायची जागा.

तेवढ्यात साहेब आले. ते परगावी होते, बातमी कळताच स्टेशनवरून थेट इकडे. कटरवाल्यावर ते नुसते तुटून पडले.

"मी स्वतः थोरल्यावर रेघ मारून ठेवली होती. पांढरी, ठळक. आंधळा आहेस का तू?"

"साहेब, थोरल्यावर काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, रेघ असेल ते काप. रेघ ह्याच्यावर होती."

"खोटं बोलू नकोस. पुन्हा कुठल्या शेडच्या दारात तुला उभं राहू देणार नाही मी."

कटरवाला रडकुंडीला आला.

"पांढरी रेघ मी पुसली," हे म्हणाले.

साहेब वळले. "काय?"

"रविवारी आलो तर थोरल्याच्या अंगावर खडू दिसला. वाटलं, बघायला आलेल्या पोरांनी रेघोट्या ओढल्या असतील. असं घाणेरडं मला बघवत नाही. रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ पुसून काढलं. आणि मग ह्याच्यावर खूण केली. ह्या माणसाची काही चूक नाही."

ह्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. माझ्या मनात आलं, पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने स्वतःला संपवत होता, आणि मी पिशवी घट्ट धरून नुसती उभी होते. साहेब खाली बघत म्हणाले, "नुसता पत्रा असता तर बदलला असता, पण आतल्या नळ्याही गेल्या. आता हा बॉयलर वाफ धरायचा नाही. मुलांना ह्याचंच आतलं दाखवू."

घरी आल्यावर हे बूटही न काढता बसून राहिले. "अगं, मी पुसलं गं," एवढंच मधूनमधून म्हणत होते. मी ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं.

असं कापून दाखवायला ठेवलेलं इंजिन असलं की त्याच्या कापलेल्या कडा लाल रंगवतात, म्हणजे कुठून कापलंय ते बघणाऱ्याला कळतं. साहेब म्हणाले, रंगारी बोलावतो. हे म्हणाले, नको. रविवारी ह्यांनी डबा घेतला नाही, एक बारका ब्रश घेतला. मी न विचारताच बरोबर निघाले. बाजूला काढून ठेवलेल्या कापडाचं मी आठवड्यात पोलकं शिवून टाकलं होतं, साडीवर तेच घातलं. ह्यांनी ते बघितलं.

शेडमध्ये मी रंगाचा डबा धरून उभी राहिले. हे एकेका नळीची कड रंगवत गेले. डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. मी पदराने पुसले.

मग डबा खाली ठेवून मी ड्रायव्हरच्या जागेवर चढले. शिट्टीची दांडी कुठली ते मला ठाऊक होतं, त्यांनी शंभरदा सांगितलं होतं. मी ती दोन्ही हातांनी ओढली. नुसतं लोखंड करकरलं.

खाली ब्रश थांबला. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला.